टपाचं काम

माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेक गाड्यांना काचेच्या खिडक्या नसतात. रिक्षाला नसतात, जुन्या जीपला नसतात, भाजी वाहणाऱ्या तीनचाकीच्या हौद्यावर तर थेट आभाळच असतं. वर्षा-दोन वर्षांतून एखादा हौशी माणूस दोन सीटची, बुटकी, लांब बॉनेटची उघडी मोटार घेऊन येतो, तिलाही नसतात. या सगळ्यांना टप शिवायचा, बाजूला पडदे लावायचे आणि आतल्या माणसाला किंवा मालाला पावसातून कोरडं पोचवायचं, हा माझा धंदा. मोटार लाखांची असो नाहीतर रिक्षा हप्त्यावरची, कापडाला त्यातलं काही कळत नाही. ते दोन्हीकडे एकाच जागी फाटतं.

घडीवर. शिवणीवर उसवलं तर माझा दोष, घडीवर तडकलं तर घडी घालणाऱ्याचा, असं मी गिऱ्हाइकाला काम घेतानाच सांगून टाकतो. शिवण उसवून परत आलेले टप थोडे. घडीवर तडकलेले, कुजलेले, एकमेकांना चिकटलेले मात्र ढिगाने. तरी प्रत्येक जण दुकानात शिरताना पहिलं विचारतो, "दोरा कुठला वापरणार?"

दुकान गुलटेकडीला, मार्केट यार्डच्या बाहेरच्या अंगाला. इथे गाड्यांची वर्दळ मध्यरात्रीनंतर सुरू होते. जुन्नर, मंचर, नगरकडचा कांदा, पुरंदरचा वाटाणा, अंजीर, सीताफळ, उत्तरेकडून येणारा बटाटा, आणि हंगामात कोकणातून हापूसच्या पेट्या. प्रत्येक गाडीवर ताडपत्री. मी शिवणकाम शिकलो ते त्या ताडपत्र्यांवर. दाभण, सुतळी, आयलेट ठोकायचा ठोकणा आणि मांडीवर घेतलेला कडक कापडाचा ढीग एवढंच सामान. दुपारी हमाल पंचायतीच्या कष्टाच्या भाकरीत जेवायचं आणि पुन्हा बसायचं.

ड्रायव्हर लोकांनी त्या वयात जे शिकवलं, ते पुढे मोटारींच्या कामात सर्वांत जास्त उपयोगी पडलं. पाण्याची भीती सगळ्यांनाच असते. पण पालेभाजीची गाडी भरणारा माणूस पाण्यापेक्षा वाफेला भितो. कोथिंबिरीच्या जुड्या चारी बाजूंनी आवळून झाकल्या की त्या आतून तापतात. पहाटे ताडपत्री सोडली की तोंडावर गरम वाफ येते आणि मधल्या थराची पानं पिवळी पडलेली असतात. कांद्यालाही तेच. वरून थेंब नको, पण बाजूने वारा हवाच. "मागून हातभर मोकळं ठेव रे, कोंडू नको माल," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता टप शिवताना हात आपोआप हवेसाठी जागा सोडतो.

नंतर कॅम्पातल्या एका उस्तादांकडे गेलो. जुन्या इंग्लिश गाड्या आणि लष्करातून लिलावात निघालेल्या जीपा यांचं काम त्यांच्याकडे असायचं. ते माप कागदावर लिहीत नसत. खडू, सुतळी आणि जुनी चादर. चादर गाडीच्या टप पेलणाऱ्या कमानींवर टाकायची, टाचण्या लावायच्या, खडूने रेघा मारायच्या आणि मग उचलून जमिनीवर अंथरायची. जुना टप उसवून त्यावरून नवा कापायला मात्र सक्त मनाई. त्यांचं म्हणणं असं की जुना टप कुठे आटलेला असतो, कुठे ताणलेला असतो. त्यावरून कापलेला नवा टप म्हणजे जुन्याची सगळी दुखणी नव्या कापडात उतरवणं. गाडी तीच असली तरी मधल्या काळात तिला कुणीतरी ठोकलेलं असतं, दाराची बिजागरी खाली आलेली असते, कमान वाकलेली असते. टप आजच्या गाडीला बसवायचा असतो, कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीच्या गाडीला नव्हे.

पोट भरलं ते रिक्षांनी. पुणे हे रिक्षाचं गाव. बजाज ऑटोला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला 1959 साली, आणि पुढे आकुर्डीतून निघालेल्या रिक्षा देशभर गेल्या. रिक्षा ही या शहरातली खरी उघडी गाडी. हौसेची नव्हे, रोजच्या भाकरीची. आरटीओच्या पासिंगची तारीख जवळ आली की रिक्षावाला येतो. हूड नवा, सीट नवी, जमलं तर पायपिंगही नवं. आणि मे महिना संपत आला की पडद्यांसाठी येतो.

रिक्षाचा पडदा ही वस्तू कुणी लक्ष देऊन पाहत नाही. उजव्या बाजूला तो जवळजवळ कायमचा असतो. डाव्या बाजूला, म्हणजे जिथून माणूस चढतो तिथे, गुंडाळून वर बांधलेला असतो आणि पाऊस आला की सोडायचा. सोडलेला पडदा वाऱ्याने आत-बाहेर फडफडतो, आणि मागचा प्रवासी एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने पडद्याचा खालचा कोपरा धरून बसतो. स्वारगेट ते कात्रज असं कोपरा धरून गेलेली माणसं पुण्यात हजारोंनी असतील. मी खालच्या दुमडीत सळई घालायला लागलो, तेव्हा एक रिक्षावाले मामा म्हणाले, "प्रवाशाला काहीतरी काम असू दे की!" सळईने पडदा जागेवर राहतो, पण गुंडाळताना सळई आडवी येते, म्हणून ती पडद्याच्या रुंदीपेक्षा थोडी तोकडी ठेवायची आणि दोन्ही टोकांना रबर बसवायचं, नाहीतर सळईचं टोक महिनाभरात रेक्झिनमधून डोकं बाहेर काढतं. एवढ्याशा कामात इतका विचार जातो, आणि पैसे मिळतात पडद्याच्या मापाचे. असो.

जीपचं काम वेगळं. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर लगेच विलिजच्या जीपा मुंबईत जुळवायला घेतल्या, आणि तेव्हापासून कापडी टपाची गाडी महाराष्ट्राच्या गावागावांत पोचली. वनखातं, पाटबंधारे, साखर कारखाने, पुढारी, आणि शेवटी प्रवासी वाहतुकीचं वडाप. 2010 साली थार आली तीही कापडी टपात मिळत होती. 2020च्या नव्या थारला कडक छत, कापडी छत आणि उघडमीट करायचं छत, असे पर्याय आले. तरुण पोरं ती घेऊन सिंहगड, तोरणा, ताम्हिणी करतात आणि सोमवारी माझ्याकडे येतात. तक्रार ठरलेली: "काका, सगळं बंद केलं होतं, तरी आत धूळ कुठून आली?"

बहुतेकांनी बाजूचे पडदे लावलेले असतात आणि वारा यावा म्हणून मागचा पडदा वर गुंडाळलेला असतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण गाडी पुढे धावते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथे भोवरा तयार होतो, आणि चाकांनी उडवलेली धूळ व सायलेन्सरचा धूर त्या भोवऱ्यातून मागच्या उघड्या तोंडाने आत ओढला जातो. मागचं बंद करून पुढून थोडं उघडं ठेवलं तर उलट होतं, आतली हवा बाहेर जाते. मागे बसलेल्या लहान मुलाला मळमळ होते ती पुष्कळदा घाटाच्या वळणांनी नव्हे, या धुराने. हे मी प्रत्येक जीपवाल्याला सांगतो, कारण धुळीने फक्त कपडे खराब होतात, धुराने माणूस गुदमरतो.

आता हौशी मोटारींकडे येतो. त्या संख्येने थोड्या, पण शिकायला मिळालं ते सगळ्यांत जास्त त्यांच्याकडून.

एक गृहस्थ एमजीए घेऊन आले होते. ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनला 1955 ते 1962 या काळात बनली, लाखाच्या वर बनली, आणि त्यातल्या बहुतेक परदेशात गेल्या. त्यातली उघडी गाडी, जिला रोडस्टर म्हणतात, तिच्या दाराला बाहेरून मूठच नाही. पडद्याची झडप सारून हात आत घालायचा आणि आतली दोरी ओढायची, मग दार उघडतं. दार इतकं पातळ की वरखाली होणारी काच मावायला जागाच नाही. म्हणून पडदे: धातूच्या चौकटीत बसवलेलं पारदर्शक प्लास्टिक, खाली दोन पाय, ते दाराला आतून आवळायचे. पाऊस नसला की काढून सीटच्या मागे ठेवायचे. जुन्या काही इंग्लिश गाड्यांच्या पडद्यांना एक छोटी झडप असे, वळताना बाहेर हात दाखवण्यासाठी. आपल्याकडे रिक्षावाले अजून पाय बाहेर काढून वळतात, त्यांना झडपेची गरज पडली नाही.

त्या गाडीचा टप आधी कुणीतरी साध्या रेक्झिनने शिवला होता. रेक्झिनमध्ये मऊपणासाठी जो पदार्थ घातलेला असतो तो उन्हाने हळूहळू निघून जातो आणि कापड पुठ्ठ्यासारखं होतं. मालकांना कॅनव्हास हवा होता, "जसा मूळचा होता तसा". 2021मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून नोंदवायचे नियम आणले, पाटीवर व्हीए अक्षरं मिळायला लागली, तेव्हापासून हा मूळचेपणाचा आग्रह आणखी वाढलाय. माझं मत विचाराल तर कापड मूळचं असावं, दोरा आजचा असावा. सुती दोरा पावसात कुजतो, नायलॉनचा उन्हात लवकर दुबळा होतो, पॉलिएस्टरचा दोन्ही सोसतो. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपू नये म्हणून सुताचा वेढा असलेला पॉलिएस्टर दोरा मिळाला तर सोन्याहून पिवळं. भिजला की सूत फुगतं आणि छिद्र भरून निघतं. दिसायला तो जुन्या सुती दोऱ्यासारखाच. स्पर्धेतल्या परीक्षकाला कळत नाही, पावसाला कळतं.

कापण्याच्या आधी दोन दिवस मी फक्त कमानींवर घालवले. मालक अस्वस्थ. त्यांना वाटलं, शिंप्याकडे आलोय आणि हा लोहारकाम करतोय. पण कमान डावीकडे थोडी झुकलेली असेल तर कितीही सरळ कापा, टपाची उजवी बाजू ढिली राहणार आणि तिथे पाण्याचं तळं साचणार. टप ताणलेला असला की पाणी धावतं; ढिला असला की पाणी बसतं, आणि बसलेलं पाणी आत यायला वाट शोधत राहतं. कमानी सरळ झाल्या की पुढच्या काचेच्या मधोमध आणि मागच्या बाजूच्या मधोमध खडूची खूण, दोन्हींमध्ये सुतळी. तिथून दोन्हीकडे सारखं.

शिवणींची दिशा हे दुसरं महत्त्वाचं. वरचं कापड खालच्यावर यावं, आणि पुढचं मागच्यावर. छपरावर कौलं चढवतात तसं, फरक इतकाच की हे छप्पर ताशी साठच्या वेगाने पळतं, त्यामुळे पाणी वरून खाली येतं तसंच पुढून मागेही ढकललं जातं. शिवणीचा उघडा ओठ पुढे राहिला तर वारा त्यात पाणी भरत राहतो. ताडपत्रीच्या कामात हे कुणी शिकवलं नव्हतं, कारण ट्रकवरच्या ताडपत्रीला एवढी शिवण नसते.

मग काचेचे कोपरे. उजव्या हाताला बसून चालवायच्या गाडीत गळती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी टपकते: चालवणाऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर. पुढच्या काचेवरून वाऱ्याने आडवं सरकलेलं पाणी कडेच्या खांबाला येतं, खांबावरून मागे वळतं, आणि जिथे टप, खांब आणि पडदा हे तिघे भेटतात त्या फटीतून आत उतरतं. तिथे नुसतं कापड पुरत नाही. पडद्याच्या पुढच्या कडेला रबराची पट्टी खांबाच्या बाहेरून जायला हवी आणि पडद्याची वरची कड टपाच्या झालरीच्या आतून. पट्टी आतून आणि झालर वरती आखूड, असं झालं की गुडघा भिजलाच म्हणून समजा.

पडदे मी नेहमी टपाच्या नंतर करतो. टप ताणून बटणं लावून एक रात्र तसाच ठेवायचा, म्हणजे कापडाला जेवढं सैल व्हायचंय तेवढं ते होतं. दुसऱ्या दिवशी पडद्याची चौकट दाराला लावायची आणि वरच्या बाजूला ती टपाला नुसती टेकते का पाहायचं. नुसती टेकत असेल तर ती आत झुकवायची, टपावर थोडा दाब पडेल इतकी. कारण गाडी उभी असताना बसलेला पडदा वेग घेतला की बाहेर ओढला जातो. बाजूने वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब आतल्या हवेपेक्षा कमी असतो. वरचा मागचा कोपरा पहिला सुटतो. टपही याच कारणाने फुगतो आणि ढोलासारखा वाजायला लागतो. ती एमजीए आम्ही पहिल्या पावसात कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या रस्त्याने नेली. घाटात वेग कमी असल्यामुळे एक थेंब नाही. खाली उतरून खेड शिवापूरच्या सरळ रस्त्याला लागलो आणि मागचा डावा कोपरा बोटभर उघडला. मालक म्हणाले, "आता?" मी म्हटलं, गाडी थांबवा, चौकट आणखी थोडी वाकवतो. रस्त्याच्या कडेला, पावसात, दोन अंगठ्यांनी. या कामात शेवटचं माप रस्त्यावरच मिळतं.

त्याच प्रवासात मालक पुढे म्हणाले, "गळतंय." पुढच्या काचेवर आणि पडद्यांच्या प्लास्टिकवर आतून पाणी होतं. मी बोटाने पुसलं. शिवणीखाली कोरडं, प्लास्टिकवर सारखं दव. ते पाणी आभाळातलं नव्हतं, आम्हा दोघांच्या श्वासाचं होतं. ज्या गाडीत दोन माणसं, गरम इंजिन, ओले कपडे आणि हवेला कुठेच वाट नाही, तिथे हे होणारच. मला कोथिंबीर आठवली. पडद्याच्या मागच्या कडेला, झालरीच्या आडोशाला बोटभर फट सोडली आणि पायाशी असलेली हवेची झडप उघडली. पाच-सात मिनिटांत काच निवळली. त्यानंतर कुठल्याही मोटारवाल्याने गळतीची तक्रार केली की मी आधी गाडी रिकामी ठेवून नळीने पाणी मारतो. आत कोरडं राहिलं तर टपाचा दोष नाही; मग आत दोन माणसं बसवून पाव तास थांबतो. रोग कुठला ते आपोआप कळतं.

अशाच कामांतून कळलेली आणखी एक गोष्ट, फायबरच्या बॉडीची. आपल्याकडेही दोन सीटच्या उघड्या मोटारी बनल्या. गोव्यात सॅन स्टॉर्म बनली, रेनॉच्या छोट्या इंजिनची. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने रोडस्टर बनवली, कॉन्टेसामध्ये असायचं तेच 1.8 लिटरचं इसुझू इंजिन टाकून. दोघींची बॉडी फायबरची. पत्र्यात स्क्रू धरतो, फायबरमध्ये धरल्यासारखा वाटतो आणि टप चार वेळा ओढला की बटणासकट बाहेर येतो. तिथे मागून रुंद वॉशर लावून रिव्हेट घालावं लागतं. आणि बटण असं निवडायचं की जे तीन बाजूंनी पकडतं आणि एकाच बाजूने उचललं तरच सुटतं. साधं टिचबटण कुठूनही ओढलं तरी सुटतं, म्हणून वाऱ्यानेही सुटतं. लष्करी जीपांवर ही एकाच बाजूने सुटणारी बटणं उस्तादांनी आम्हाला न बघता, अंधारात लावायला-काढायला लावली होती. तेव्हा राग यायचा.

इंग्लंडात 1961-62च्या सुमारास एमजीएसारख्या गाड्यांचे हे पडदे मागे पडायला लागले. ट्रायम्फ टीआर4 आणि एमजीबी या गाड्यांच्या दारांत वरखाली होणाऱ्या काचा आल्या, आणि गिऱ्हाइकांनी सुटकेचा श्वास टाकला असणार. दार जाड झालं, गाडी जड झाली, आणि कोपर बाहेर टेकवायला जी खोलगट कड असायची ती गेली. पडद्यांचा त्रास खरा आहे. पाऊस यायच्या आधी थांबून ते लावावे लागतात. पाऊस आल्यावर लावायला घेतले तर आपण, सीट आणि पडदे तिघेही ओले. काचवाल्याला असा निर्णय घ्यावा लागत नाही. पण ज्यांच्याकडे पडद्यांच्या गाड्या आहेत ते लोक आभाळाकडे पाहायला शिकतात, हे मी पाहिलंय. ताम्हिणीकडून येणारे ढग पौडच्या अलीकडे ओळखणारी दोन-तीन गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत, आणि त्यातलं एकही शेतकरी नाही.

घडीचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर सगळ्यात जास्त तेच सांगावं लागतं. पुण्यात वर्षाला 700-750 मि.मी. पाऊस पडतो, महाबळेश्वरला त्याच्या कितीतरी पट. पण टप कुजतात ते पुण्याचेच जास्त, कारण इथला पाऊस येतो आणि जातो. ऊन पडलं की माणूस ओला टप तसाच दुमडून मागे टाकतो. कॅनव्हासच्या घडीत दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते कशानेच जात नाहीत. टप ओला असेल तर तो ताणलेलाच ठेवायचा, वाळेपर्यंत. घाई असेल तर टप वर ठेवून गाडी चालवा, लोक काय म्हणतील याची चिंता करू नका.

प्लास्टिकची घडी घालायचीच नाही. थंडीत तर मुळीच नाही. डिसेंबरच्या सकाळी कडक झालेलं प्लास्टिक दुमडलं की घडीवर पांढरी रेघ उमटते, आणि तीच पुढे फाटते. मागची खिडकी चेनने सुटणारी असेल तर चेन काढून सपाट ठेवा. पडदे एकमेकांवर ठेवताना मध्ये जुनी सुती चादर. रॉकेल, पेट्रोल, घरातला कुठलाही फवारा लावायचा नाही; प्लास्टिक धुरकट होतं आणि परत निवळत नाही.

आणि पुसण्याआधी धुवा. हे पुण्यात वेगळं सांगावं लागतं, कारण गणपतीत प्रत्येक उघडी जीप विसर्जनाच्या मिरवणुकीत असते. गुलालाचा थर बसलेला पडदा कोरड्या फडक्याने पुसला की प्लास्टिकवर गोल गोल ओरखडे उठतात. रात्री समोरून दिवे आले की त्या ओरखड्यांतून काही दिसत नाही. आधी भरपूर पाणी सोडून गुलाल वाहून जाऊ द्यायचा, मग हात लावायचा. दसऱ्याला झेंडूचा त्रास. फूलबाजारातून माळा घेऊन त्या ओल्याच टपावर बांधतात, आणि फिकट कॅनव्हासवर झेंडूचा पिवळा डाग कायमचा बसतो. माझ्याकडे एकाने भुसार बाजारात हळदीच्या पोत्यांशेजारी क्रीम रंगाच्या टपाची गाडी दिवसभर लावली होती. त्यावर उपाय सांगता येईना. शेवटी गडद कापड घातलं. मार्केट यार्डात येणाऱ्याने फिकट टप घेऊ नये, हे मी आता दर सांगण्याच्या आधी सांगतो.

दराचं म्हणाल तर हौशी मोटारवाले मीटरवर भाव करतात. कापड किती लागलं, दोरा किती, बटणं किती. मी दिवसावर सांगतो, कारण कापड सगळीकडे मिळतं, कमानीपाशी बसलेले दोन दिवस मिळत नाहीत. रिक्षावाला असा भाव करत नाही. त्याला एकच माहिती हवी असते, गाडी किती वाजता मिळेल. त्याची गाडी माझ्या दारात उभी असते तोवर त्याची कमाई बंद असते.

म्हणून मोटारवाल्यांना मी फेब्रुवारीत बोलावतो. ऊन चढायला लागलेलं असतं, प्लास्टिक आणि रेक्झिन हाताला मऊ लागतं, वेळ निवांत असतो, टप रात्रभर ताणून ठेवता येतो. मे महिन्याच्या शेवटी कुणी उघडी मोटार घेऊन आलं, अगदी विदेशी आणि देखणी असली तरी, तिला मागे लावतो. तेव्हा गेटापासून रिक्षांची रांग असते, प्रत्येकाला पडदे आजच हवे असतात, आणि आधी त्यांचं काम होतं.